कपाळावरचं टेंगूळ: उलटलेल्या सर्दीचं एक प्रकरण

रुग्ण: मुलगा, वय १४, इयत्ता नववी. पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातलं गाव. मधुमेह नाही, दमा नाही, लसी वेळेवर झालेल्या. धुळीची शिंकाशिंकी अधूनमधून. तक्रार आईच्या शब्दांत: "कपाळावर टेंगूळ आलंय आणि डावा डोळा उघडंना."

आधी एक खुलासा. हे कुणा एका मुलाचं हुबेहूब प्रकरण नाही. सायनसच्या, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांच्या, जंतुसंसर्गातून मेंदूपर्यंत पू पोचलेल्या मुलांमध्ये घटनांचा जो क्रम दिसतो, तो एका मुलावर बसवून लिहिला आहे. घर किंवा दवाखाना ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही. आजाराचा प्रवास, तपासण्या आणि उपचार मात्र प्रत्यक्षात होतात तसेच आहेत.

पहिले पंधरा दिवस

शाळा सुरू होऊन महिना झाला होता आणि घरात सगळ्यांनाच सर्दी होती. मुलाला आधी शिंका, वाहतं नाक, घसा खवखवणं, अंगात कणकण. चौथ्या-पाचव्या दिवशी उतार पडला. सहाव्या दिवशी तो शाळेत गेला आणि संध्याकाळी कबड्डीच्या सरावालाही. आठव्या दिवशी ताप परत आला, तोही १०२. नाकातून पिवळा-हिरवा घट्ट शेंबूड येऊ लागला, डावीकडून जास्त. डाव्या भुवईच्या वर ठणका होता आणि बुटाची नाडी बांधायला वाकलं की तो वाढायचा.

या प्रकरणात एकच दिवस निवडायचा झाला तर मी हा आठवा दिवस निवडेन. विषाणूंची साधी सर्दी तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जोरात असते आणि मग हळूहळू ओसरते. दहाव्या दिवशी थोडं नाक चोंदलेलं असेल, खोकला असेल, पण एकूण चाल बरं होण्याकडेच असते. बरी होत आलेली सर्दी उलटून ताप आणि घट्ट शेंबूड घेऊन परत आली, तर सायनसमध्ये जिवाणूंनी घर केल्याची शक्यता धरायची. दहा दिवस उलटूनही काडीचा फरक नसणं आणि सुरुवातीपासूनच सलग तीन-चार दिवस १०२ च्या वर ताप व पू असणं, हे बाकीचे दोन नमुने. जिवाणूंचा सायनसायटिस ओळखायला या तीन गोष्टी पुरतात. एक्स-रे लागत नाही, आणि शेंबडाचा नुसता हिरवा रंग तर काहीच सिद्ध करत नाही. साध्या सर्दीतही तो हिरवा होतो.

गावातल्या दवाखान्यातून पॅरासिटामॉल, सर्दीची गोळी, नाकात टाकायचे थेंब आणि तीन दिवसांचं प्रतिजैविक ॲझिथ्रोमायसिन मिळालं. ताप हटेना म्हणून लागोपाठ दोन दिवस इंजेक्शन. फाइलमध्ये अडकवलेल्या चिठ्ठीवर त्याचं नाव वाचता येत होतं: डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. आई म्हणाली, "त्या सुईनं लई बरं वाटलं होतं त्याला. दोन दिवस जेवला पण."

वाटणारच. स्टेरॉइडने सूज उतरते, ताप पडतो, भूक लागते. पू जागच्या जागी राहतो आणि जंतूंशी लढणारी यंत्रणा मंदावते. ॲझिथ्रोमायसिनबद्दल सांगायचं तर सायनसमध्ये नेहमी सापडणाऱ्या न्यूमोकोकस या जिवाणूवर ते अनेकदा चालत नाही, म्हणूनच मार्गदर्शक सूचनांमध्ये या आजारासाठी पहिलं औषध अमॉक्सिसिलिन किंवा त्याच्या जोडीला क्लॅव्ह्युलॅनेट हे आहे. पण तीन दिवस, एक गोळी, लक्षात ठेवायला सोपं, म्हणून ॲझिथ्रो सगळीकडे चालतं. पावसाळ्यात त्या दवाखान्याच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसते हे मला माहीत आहे, म्हणून त्या डॉक्टरांना मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार नाही. मात्र या मुलाचा आजार "उपचार न केलेला" होता असं कुणी म्हणालं तर ते मला पटत नाही. उपचार भरपूर झाले होते. या सगळ्या दिवसांत त्याच्या नाकात बॅटरी मारून मात्र कुणी बघितलं नव्हतं.

घरचे उपायही चालू होते. रात्री ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून कपाळ शेकायचं, निलगिरीची वाफ आणि आजीचा सुंठीचा लेप. यातल्या कशानेही आजार वाढत नाही. (वाफेचं भगोणं मांडीवर सांडून भाजलेली लहान मुलं मात्र दर पावसाळ्यात येतात, तेवढं सांभाळा.) गोंधळ झाला तो वेगळाच. तेराव्या दिवशी कपाळाची डावी बाजू लालसर आणि फुगलेली दिसली, तेव्हा सगळ्यांना वाटलं सुंठ उगाळून लावली म्हणून कातडी पोळली. लेप बंद केला तरी सूज वाढली. मग आठवण झाली ती कबड्डीची: सरावात कुणाचं तरी कोपर कपाळाला लागलं होतं. झालं, कारण सापडलं. आदल्या दिवशी झालेली उलटी पित्तावर गेली होती. चौदाव्या दिवशी डाव्या डोळ्याची वरची पापणी सुजली तेव्हा पावसाळ्यात डोळे येतातच म्हणून मेडिकलमधून थेंब आणले.

प्रत्येक लक्षणाला स्वतंत्र आणि पटण्यासारखं कारण मिळत गेलं: ताप हवेमुळे, डोकेदुखी उपाशी पोटामुळे, उलटी पित्ताची, लाली सुंठीची, टेंगूळ कबड्डीचं, डोळा साथीचा. सहाही गोष्टी एकाच मुलाच्या एकाच डाव्या भुवईभोवती जमा होत होत्या.

पंधराव्या दिवशी सकाळी पापणी पूर्ण मिटलेली. आईने त्याला तालुक्याच्या नेत्रतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी बोटांनी पापणी उचलली, चारी बाजूंना बघायला लावलं आणि मला, नाक-कान-घशाच्या डॉक्टरला, फोन केला: "साथ नाहीये ही. डोळा किंचित पुढे आणि खाली सरकलाय, वर बघताना दुखतंय त्याला. १०८ बोलावलीय, पाठवतेय." या प्रकरणात मुलाला कशाने वाचवलं असेल तर या पाच मिनिटांच्या तपासणीने.

आम्ही काय पाहिलं

मुलगा स्ट्रेचरवरून स्वतः खाटेवर सरकला, पण नीट बसेना, कूस करून पडून राहिला. ताप १०२. एवढ्या तापात नाडी शंभरीच्या पुढे हवी, याची होती ६४. ताप चढलेला आणि नाडी संथ, हे पाहिलं की कवटीच्या आत दाब वाढतोय का ही शंका मनात आलीच पाहिजे.

कपाळावरची सूज साधारण लिंबाएवढी, मऊ. अंगठ्याने दाबली की खड्डा पडे आणि सावकाश भरे. कातडीवर खरचटलेलं काही नाही. मुका मार लागून आलेलं टेंगूळ दिवसागणिक कमी होतं, निळसर-पिवळं पडतं. हे वाढतं होतं.

डोळ्याच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न सूज पापणीपुरतीच आहे की डोळ्याच्या खोबणीत शिरली आहे हा. पापणी कितीही सुजलेली असो, ती उघडून डोळा सगळ्या दिशांना न दुखता फिरत असेल आणि नजर नीट असेल तर धोका तुलनेने कमी. या मुलाचा डोळा वर जाईना आणि प्रयत्न केला की तो कळवळे. मग औषधाच्या बाटलीचं लाल झाकण आधी एका डोळ्यासमोर, मग दुसऱ्यासमोर धरलं. दोन्हीकडे सारखंच लाल दिसलं. डोळ्याच्या नसेवर दाब आला की सगळ्यात आधी लाल रंग फिका पडतो, म्हणून ही झाकणाची युक्ती. यंत्र लागत नाही आणि गावच्या दवाखान्यातही जमते. म्हणजे नस अजून शाबूत होती.

नाकात दुर्बीण घातली तर डाव्या बाजूच्या मधल्या फटीतून पुवाची धार घशाकडे उतरत होती. कपाळाचा, गालाचा आणि डोळ्याच्या आतल्या कडेचा पुढचा भाग, हे सायनस याच फटीत मोकळे होतात.

इथवर हे नाक-कान-घशाचं आणि डोळ्याचं प्रकरण होतं. पुढचं आई बोलली म्हणून कळलं. आम्ही त्याला नाव, शाळा, इयत्ता विचारत होतो आणि तो बरोबर उत्तरं देत होता. आई मागून म्हणाली, "डॉक्टर, सांगतोय बरोबर, पण उत्तर उशिरा येतंय बघा. असा नाही हो हा, तोंडाळ आहे." मग त्याला दोन्ही हात तळवे वर करून समोर धरायला सांगितले आणि डोळे मिटायला लावले. डावा हात तसाच राहिला. उजवा हात हळूच आत वळला आणि खाली घसरायला लागला. त्याला ते कळलंही नाही.

सूज डावीकडे आणि कमजोर उजवा हात. मेंदूचा डावा भाग उजव्या अंगाला आणि बहुतेकांच्या बाबतीत बोलण्यालाही सांभाळतो. याचा अर्थ पू आता कपाळाच्या पुढेच नव्हता, मागेही होता.

स्कॅन

शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन केला. डावीकडचे तिन्ही सायनस गच्च भरलेले. कपाळाच्या सायनसची पुढची भिंत कुरतडलेली आणि तिच्यासमोर कातडीखाली पू. डोळ्याच्या खोबणीच्या छताला हाड आणि त्याचं आवरण यांच्यामध्ये पुवाची छोटी पिशवी, तीच डोळ्याला खाली ढकलत होती. चँडलर या डॉक्टरांनी १९७० मध्ये सायनसमधून डोळ्याला होणाऱ्या संसर्गाच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्या आजही वापरतात: पापणीपुरती सूज, खोबणीतली पसरलेली सूज, हाडाच्या आवरणाखालचा पू, खोबणीतलं गळू आणि शेवटी कॅव्हर्नस सायनस या मेंदूच्या तळाच्या मोठ्या शिरेत रक्ताची गाठ. हा मुलगा तिसरीवर होता. पाचवीला गेलेल्या रुग्णाचा बऱ्याचदा दुसरा, चांगला असलेला डोळाही सुजू लागतो आणि तोवर जीव धोक्यात आलेला असतो.

मेंदूचं चित्र सीटीवर फसवं असतं. डाव्या बाजूला कवटीच्या आतून एक बारीक काळसर कड दिसत होती, घाईत कुणीही सोडून दिली असती. हातातली कमजोरी आधी सापडली होती म्हणूनच लगेच एमआरआयला नेलं. तिथे टेबलवर घेता घेता त्याच्या उजव्या हाताची बोटं थडथडू लागली, मग तोंडाचा उजवा कोपरा. आकडी. औषध दिल्यावर दोनेक मिनिटांत थांबली. एमआरआयमध्ये ती बारीक कड लख्ख पांढरी उजळली: डाव्या मेंदूच्या पृष्ठभागावर आणि मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या पडद्याला लागून पू.

मेंदूवर तीन आवरणं असतात. बाहेरचं जाड आवरण म्हणजे ड्युरा. ड्युरा आणि तिच्या आतलं नाजूक आवरण यांच्यामध्ये पू साचला की त्याला सबड्युरल एम्पायमा म्हणतात. या जागेत आडव्या भिंती नाहीत, त्यामुळे पू एका जागी गळू करून न बसता अर्ध्या मेंदूवर पसरतो, खालच्या शिरांमध्ये गाठी होतात, मेंदू सुजतो. मोठ्या मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये या आजाराचं सगळ्यात नेहमीचं मूळ सायनस हेच. प्रतिजैविकं येण्याआधी यातून जवळपास कुणीच वाचत नसे.

सर्दीतून मेंदूपर्यंत

पू तिथे पोचला कसा, हा प्रश्न घरच्यांनी सगळ्यात जास्त वेळा विचारला. दोन वाटा आहेत. एक सरळ, हाड कुरतडून. डोळा आणि नाक यांच्यामधलं हाड तर कागदासारखं पातळ आहे, आणि शरीरशास्त्रज्ञांनी त्याचं लॅटिन नावही तसंच ठेवलंय. दुसरी वाट शिरांची. कपाळाच्या सायनसच्या अस्तरातल्या बारीक शिरा हाडातून आरपार जाऊन ड्युराच्या शिरांना मिळतात आणि त्यांना झडपा नसतात. रक्त दोन्ही दिशांना वाहू शकतं, त्याबरोबर जंतूंनी भरलेल्या गाठीही. त्यामुळे कधी कधी मागची भिंत स्कॅनमध्ये अखंड दिसते आणि तरी पलीकडे पू असतो. या मुलात तसंच होतं.

बहुतेक असे रुग्ण किशोरवयीन मुलगेच का, याचंही उत्तर इथेच आहे. कपाळाचा सायनस जन्मतः नसतो. सहा ते आठ वर्षांच्या सुमाराला तो दिसू लागतो आणि विशीपर्यंत वाढतो. त्या वाढीच्या वर्षांत हाडातल्या या शिरांचं जाळं सगळ्यात भरलेलं असतं. मुलींपेक्षा मुलगे जास्त का सापडतात याची कारणं सांगितली जातात, पण पूर्ण समाधान होईल असं एकही माझ्या वाचनात नाही.

कपाळाच्या सुजेला पॉट्स पफी ट्यूमर म्हणतात. नावात ट्यूमर असला तरी हा कर्करोग नव्हे, कपाळाच्या हाडाचा जंतुसंसर्ग आणि त्यावर साचलेला पू. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी अठराव्या शतकात तो नोंदवला. मणक्याच्या क्षयाला पॉट्स स्पाइन म्हणतात ते हेच पॉट. गंमत अशी की त्यांनी ही सूज वर्णन केली ती डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या संदर्भात. मार लागून अशी सूज येते हे खोटं नाही, फक्त आज दिसणारे बहुतेक रुग्ण सायनसचे असतात. त्यामुळे आजींनी मला "कबड्डीत लागलं म्हणून झालं ना हे?" असं विचारलं तेव्हा त्यांना वेड्यात काढायचं काही कारण नव्हतं. पॉट त्यांच्याच बाजूचे होते.

"सर्दीसाठी डोकं उघडायचं?"

वडिलांचा हा प्रश्न जसाच्या तसा. ऊसाच्या लागणीतून चिखलाच्या पायांनी आले होते. सकाळी मुलाला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं एवढंच त्यांना माहीत होतं, आणि संध्याकाळी न्यूरोसर्जन कवटी उघडायची संमती मागत होते. चुलत्यांचं म्हणणं, पुण्याला नेऊ. पाठीतलं पाणी तपासून आधी खात्री का करत नाही, असंही त्यांनी विचारलं. गावात कुणाला मेंदूज्वर झाला तेव्हा ते केलं होतं.

पाठीतलं पाणी काढणं इथे धोक्याचं. कवटीत दाब वाढलेला असताना खालून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकून श्वासाचं केंद्र दाबलं जाऊ शकतं. शिवाय त्या पाण्यातून या आजाराचं पक्कं निदान होतही नाही. आणि पुण्याच्या रस्त्यावर जाणारे तास म्हणजे पू पसरायला दिलेले तास, कारण नुसत्या सलाईनमधल्या औषधांनी तो जात नाही. एमआरआयची प्लेट उजेडावर धरून न्यूरोसर्जननी वडिलांना दोन्ही बाजू दाखवल्या. इकडे कड काळी, तिकडे पांढरी. वडिलांनी बराच वेळ प्लेट धरून ठेवली, मग म्हणाले, "करा." चुलते शेवटपर्यंत नाराज होते, पण रक्त द्यायला तेच पहिले उभे राहिले. शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसली. रेशनकार्ड दुसऱ्या दिवशी आलं, त्यासाठी थांबलो नाही.

रक्ताचे नमुने घेऊन प्रतिजैविकं आधीच सुरू केली होती: सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, व्हँकोमायसिन आणि मेट्रोनिडाझोल. तीन औषधं एवढ्यासाठी की या पुवात बऱ्याचदा एकाहून अधिक जातींचे जंतू असतात, त्यात हवेविना वाढणारेही. त्याच रात्री एका भुलीत दोन्ही शस्त्रक्रिया केल्या. न्यूरोसर्जननी नुसती छिद्रं न पाडता कवटीचा तुकडा उचलून ड्युरा उघडली. दाट, पसरलेला पू छिद्रांतून पुरेसा येत नाही. कपाळाचं कुजलेलं हाड काढून टाकावं लागलं. आम्ही नाकातून दुर्बिणीने डावीकडचे सायनस मोकळे केले, डोळ्याच्या छताखालचा पू काढला. मूळ मोकळं केलं नाही तर वरचा पू पुन्हा भरतो, म्हणून दोन्ही एकाच वेळी.

पुवात स्ट्रेप्टोकोकस अँजिनोसस गटाचा जंतू वाढला. हा एरवी आपल्या तोंडात-घशात निमूटपणे राहणारा. सायनसमधून मेंदूत गेलेल्या पुवात तो वारंवार सापडतो, पू करण्यात तर पटाईत. पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांना तो सहसा दाद देतो. याचाही देत होता, म्हणून व्हँकोमायसिन थांबवलं.

नंतरचे आठवडे

दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर होता, पण बोलणं अडखळत होतं. "पाणी" म्हणायचं असताना "ते... ते..." करून तांब्याकडे बोट दाखवायचा, आणि शब्द सापडला नाही की चिडायचा. आठवड्याने ताप पुन्हा डोकावला. एमआरआयमध्ये मधल्या पडद्याजवळ पू परत साचलेला दिसला, पुन्हा शस्त्रक्रिया. हे अपयश नव्हे, या आजारात ते बऱ्यापैकी घडतं, आणि घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं बरं. आम्ही सांगितलं होतं, तरी आईने तीन दिवस कुणाशी बोलणं टाकलं.

शिरेतली औषधं सहा आठवडे, दंडातून घातलेल्या लांब नळीतून. बोलणं तिसऱ्या आठवड्यात बरंचसं सुधारलं. उजव्या हाताची ताकद फिजिओथेरपीने परत आली, पण घरी जाताना अक्षर वेडंवाकडं होतं आणि लिहिण्याचा वेग निम्म्यावर. नजर दोन्ही डोळ्यांची उत्तम. कपाळावर खाच आहे. हाडाचा संसर्ग पूर्ण संपल्याची खात्री झाल्यावर, काही महिन्यांनी, तिथे कृत्रिम हाड बसवायचं. तोवर कबड्डी, सायकल बंद. आकडीचं औषध चालू राहील आणि ते कधी थांबवायचं हे मेंदूतज्ज्ञ ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) आणि एमआरआय बघून ठरवतील.

मागे वळून पाहताना

आठव्या दिवशी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट मिळालं असतं तर हे टळलं असतं का? बहुधा, पण शपथेवर सांगता येणार नाही. योग्य औषध चालू असतानाही मेंदूपर्यंत पोचलेले रुग्ण आहेत. बाराव्या दिवशी, डोकेदुखी वाढून उलटी झाली तेव्हा, कुणी तपासलं असतं तर मात्र नुकसान कमी झालं असतं याबद्दल मला शंका नाही. तेराव्या दिवशी, कपाळाची सूज दिसल्यावर, चर्चेलाही जागा नव्हती. सर्दी-तापाच्या मुलाच्या कपाळावर मऊ सूज म्हणजे त्याच दिवशी सीटी.

याचा उलटा अर्थही कुणी काढू नये. मोठ्यांमध्ये शंभर सर्दींमागे एक-दोन, लहान मुलांत थोड्या जास्त सर्दींचा जिवाणूंचा सायनसायटिस होतो. त्यातलेही बहुतेक बरे होतात आणि मेंदूपर्यंत फारच थोडे पोचतात. सर्दी झाली की प्रतिजैविक, डोकं दुखलं की स्कॅन, असं चाललं तर या एका मुलापायी हजारो मुलांना औषधं आणि किरणं दिली जातील. औषधं आधीच वाटेल तशी दिली जातात, आणि या मुलालाही ती मिळाली होतीच. चोंदलेलं नाक मोकळं करणारे थेंबही आठवडाभराहून जास्त टाकले तर उलट नाक आणखी चोंदत राहतं.

लक्ष ठेवायचं ते ठरावीक गोष्टींवर. पापणी सुजणं, दोन-दोन दिसणं, डोळा फिरवताना दुखणं, नजर मंदावणं, कपाळावर सूज, वाढत जाणारी डोकेदुखी आणि तिच्यासोबत उलटी, मान ताठणं, आकडी, गुंगी, किंवा घरच्या माणसाला "हा असा नाही" असं वाटणं. यातलं काही असेल तर दुसऱ्या दिवसाची ओपीडी गाठायची नाही, त्याच रात्री निघायचं. शेवटचं लक्षण पुस्तकात नसतं, पण या मुलाच्या मेंदूबद्दल सगळ्यात आधी तेच बोललं गेलं.

मोठ्या माणसांत चित्र वेगळं असतं. नाकाच्या पार मागच्या स्फेनॉइड सायनसचा संसर्ग डोळ्यांमागे किंवा डोक्याच्या वर मधोमध दुखतो, नाक जवळजवळ साफ असतं, आणि रुग्ण अर्धशिशीच्या गोळ्या घेत राहतो. एकाच बाजूने घाण वास येणारा पू असेल तर वरच्या दाढेकडे बघावं, बऱ्याचदा मूळ तिथे असतं. आणि मधुमेह असलेल्याला गाल बधिर होणं, तोंडातल्या टाळूवर काळा डाग किंवा नाकातून काळपट स्राव दिसला तर तो जिवाणू नसून बुरशी असू शकते. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात किती डोळे आणि किती जबडे नेले ते आम्ही नाक-कान-घशावाले विसरू शकत नाही. अनियंत्रित साखर आणि सढळ हाताने दिलेली स्टेरॉइडं, दोन्ही त्यात होती.

गावातल्या डॉक्टरांना मी डिस्चार्ज कार्डाची प्रत आणि एमआरआयचे फोटो पाठवले. त्यांनी फोन करून तासभर प्रश्न विचारले. त्यातला सगळ्यात चांगला प्रश्न लाल झाकणाचा होता, कुठलंही झाकण चालेल का? चालेल, फक्त दोन्ही डोळ्यांना तेच दाखवा.

मुलगा तपासणीसाठी आला तेव्हा आईने धाकट्यालाही आणलं होतं. सर्दीचा चौथा दिवस, ताप नाही, खेळतोय, खातोय. पापण्या, डोळ्यांची हालचाल, कपाळ, नाक, कान सगळं पाहिलं. मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं, दहा दिवसांत बरं नाही वाटलं किंवा मध्येच उलटलं तर लगेच आणा म्हटलं, आणि चिठ्ठीवर एकही गोळी न लिहिता त्यांना पाठवलं. आई अजिबात खूश नव्हती.